मार्फतवाले सर

आमच्या लॅबमध्ये कुणी काहीही सांगायला गेलं की सर आधी एकच विचारायचे, "कुणाच्या मार्फत?"

"सर, उद्या सुट्टी आहे म्हणे."

"कुणाच्या मार्फत कळलं?"

"सर, तुम्हाला ऑफिसात बोलावलंय."

"कुणाच्या मार्फत?"

एकदा शिपाईकाका वैतागून म्हणाले, "अवो माझ्याच मार्फत! मी काय भूत हाय व्हय तुमच्यापुढं उभा?" तेव्हा सर समाधानानं उठले. "मग ठीक हाय. तुमी वळखीचे."

म्हणून त्यांचं नाव पडलं मार्फतवाले सर. खरं तर ते सरही नव्हते. शिरूरच्या आमच्या कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. त्यांच्या नावावर एकही तास नव्हता, आणि फळ्यावर त्यांनी कधी लिहिलेलं मी पाहिलं नाही. तरी त्या तीन वर्षांतलं माझ्याजवळ जे टिकलं, ते बहुतेक त्यांच्याकडून आलेलं आहे. हे लिहिताना थोडी धाकधूक वाटते, कारण बाकीच्या सरांनी आणि मॅडमनी मनापासून शिकवलं होतं. पण खरं सांगायचं तर हेच आहे.

ते केडगावला राहायचे. तिथून चौफुल्याला आणि चौफुल्याहून शिरूरच्या एसटीनं यायचे. खांद्याला बियाण्याच्या कंपनीची कापडी पिशवी. तिच्यात केबलचं भेंडोळं, वायर कापायचा चिमटा आणि फुटाण्यांची पुडी. तिन्ही वस्तू एकत्र असल्यामुळे केबलला फुटाण्याची सालं चिकटलेली असायची, आणि फुटाणे आम्हाला देताना ते आधी त्यांतले तांब्याच्या तारेचे तुकडे निवडायचे.

लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर त्यांनी लाल ऑइलपेंटनं घर नंबर टाकले होते. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो, तो आकड्यांचा असतो आणि लक्षात राहत नाही, म्हणून. कोपऱ्यातला राउटर म्हणजे पोस्टमन. "पोस्टमन तापलाय, पंखा तिकडं फिरवा," असं ते म्हणायचे. नव्या मुलांना वाटायचं कुणी तरी आजारी आहे.

आणि विद्यार्थ्यांना ते 'मालक' म्हणायचे. मुलगी असली तर 'मालकीणबाई'. तेही अहो-जाहो करून. पहिल्या दिवशी मी दाराशी घुटमळत होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे लॅबमध्ये चपला काढून जायचं की घालून, हेच मला माहीत नव्हतं. सर आतून म्हणाले, "या मालकीणबाई, घर नंबर सात रिकामं हाय. बसा तुम्ही."

मी मागे वळून पाहिलं. मला तोवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

त्यांचा आवडता विषय एकच, प्रॉक्सी. आमच्या वर्गात प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या हजेरीला 'यस सर' म्हणणं, त्यामुळे त्यांनी तो शब्द पहिल्यांदा काढला तेव्हा मागची बाकं हसली. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "इंटरनेटवर तुम्ही कुठंबी गेलात की तुमचा पत्ता समोरच्याला दिसतोय. कधी तो पत्ता चालत न्हाई, मग दुसऱ्याच्या पत्त्यावरनं जायचं. तुमचं पत्र त्याच्या घरी जातं, तो ते पुढं टाकतो, उत्तर त्याच्याकडं येतं, तो तुम्हाला देतो. जुन्या पाकिटावर काय लिवायचे? मार्फत अमुक अमुक. तेच हे."

हा शब्द त्यांच्याकडे कुठून आला ते त्यांनी मला नंतर एकदा सांगितलं. ते दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. वडील सांधेवाले, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घेणारे. बाहेरून कामाला आलेली माणसं झोपड्या टाकून राहायची, त्यांना पत्ता नसायचा. ती सगळी आपल्या गावाकडे यांच्या क्वार्टरचा नंबर कळवायची. त्यामुळे एका खोलीच्या घरात वीस-बावीस माणसांची पत्रं यायची. वडील ती बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे आणि ज्याची त्याला द्यायचे. एकदा त्यांतला एक माणूस काही तरी गुन्हा करून पळाला, आणि पोलीस क्वार्टरवर आले.

"आई रडाया लागली," सर म्हणाले. "वडलांनी डबा पुढं ठेवला. म्हणले, पत्ता मीच दिलाय. तो कुठला, कुणाचा, कवा आला, समदं मला ठाऊक हाय, लिवून घ्या. पोलीस गेले. मग मला म्हणले, ज्याला आपण ओळखत न्हाई त्याला पत्ता दिला असता तर आज मी काय सांगितलं असतं?"

एवढं सांगून सरांनी फुटाणे पुढे केले. मी घेतले. त्या वेळी मला ती एक जुनी गोष्ट वाटली.

प्रॉक्सीचे प्रकार ते जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर काढून दाखवायचे. तीन चौकोन.

"ह्यो पहिला कारखाना. मोठ्या गोदामात हजारो मशिनं मांडलेली असत्यात, तिथला पत्ता भाड्यानं मिळतोय. स्वस्त, अन् पळतंय घोड्यागत. पण समोरच्याला लांबनंच कळतं की हे कंपनीचं गेट हाय, माणसाचं घर न्हाई. आता तुम्हीच सांगा, कळलं तर तुमचं काय बिघडतंय? बिघडत नसंल तर हेच घ्या. दहातल्या आठ जणांचं काम ह्याच्यात भागतं, पण लोकांना उगं भारीतलं पायजे असतं."

दुसऱ्या चौकोनाला ते कौलं काढायचे, दार काढायचे. "हे घर. कुणाच्या तरी खऱ्या घरातली लाईन. समोरच्याला वाटतं, घरातलंच माणूस आलंय. हळू चालतं, महाग पडतं." इथे पेन खाली ठेवायचे. "अन् हितं कुणी तरी राहतंय, हे ध्यानात ठिवायचं."

"तिसरा मोबाईल. म्हंजी एसटी स्टँड. एका पत्त्यामागं हजार फोन. एकाला हाकलायचं तर समद्यांना हाकलावं लागतंय, म्हणून सहसा कुणी हाकलत न्हाई. पण गर्दी हलती असती. फोन हलला की पत्ता बदलायची भीती."

एवढ्यावर ते थांबायचे नाहीत. पत्ता राहता हवा की फिरता, हा त्यांचा पुढचा प्रश्न. फिरता म्हणजे दर खेपेला, नाही तर दर काही मिनिटांनी, नवं घर. राहता म्हणजे काम संपेपर्यंत एकच. हे समजावताना ते हमखास दौंड जंक्शनवर जायचे. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि गाडी आली त्या तोंडानं बाहेर पडायची. "नवखा माणूस घाबरून खाली उतरायचा. त्याला वाटायचं गाडी पुण्याला परत चालली. गाडी तीच, डबे तेच, पण मधीच तोंड बदललं की माणसाचा इस्वास उडतो. वेबसाईटचंबी तसंच हाय. नुसतं बघून माघारी यायचं आसंल तर फिरता पत्ता चालतोय. पण जिथं नाव-पासवर्ड सांगून आत बसायचंय तिथं फिरता घेऊन जाऊ नका. तिला वाटतं, चोर शिरला."

हे मी वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघही मारली होती.

बाहेरची माणसंही त्यांच्याकडे यायची. एकदा न्हावऱ्याच्या फाट्यावरचा एक ढाबेवाला आला. अंगठ्या, पांढरा शर्ट, दोन फोन. त्याला त्याच्या ढाब्याबद्दल इंटरनेटवर चांगलं चांगलं लिहायचं होतं, पण एकाच पत्त्यावरून पन्नास वेळा लिहिलं की ते उडवलं जायचं.

"सर, पन्नास घरांचे पत्ते द्या. म्हणाल ते करू."

सरांनी त्याला बसवलं. "कुठं जायचं ते कळलं. कुणाच्या मार्फत?"

"कुणाच्याबी! आपल्याला काय करायचंय?"

"त्या घरवाल्यांना ठाऊक हाय का, की त्यांच्या घरातनं तुमच्या मटणाचं कौतुक होणार हाय?"

"त्यांला कशाला ठाऊक पायजे?"

दुसऱ्या दिवशी घरी जाताना सर फाट्यावर उतरले, त्या ढाब्यावर जेवले, आणि उत्तरपत्रिकेच्या कागदावर स्वतःचं नाव, गाव, पत्ता लिहून खाली मजकूर टाकून आले: 'भाकरी उत्तम. रस्सा पांचट. गल्ल्यावरचा माणूस उद्धट.' ढाबेवाला कॉलेजात भांडायला आला. सर म्हणाले, "मालक, एक खरा पत्ता दिलाय. बाकीचे एकोणपन्नास रस्सा सुधारला की आपुआप येत्याल."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. ते सांगायचं म्हणूनच खरं तर लिहायला बसले, पण इकडचं तिकडचं लिहीत राहिले.

मी निमोण्याची. आमच्याकडे शेवंती, झेंडू आणि पाटाच्या कडेनं कोथिंबीर. अण्णा, म्हणजे माझे वडील, कधी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात माल न्यायचे, कधी पुण्याला पाठवायचे. कुठे काय भाव निघाला ते गाडी भरल्यावर कळायचं. म्हणून शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतलं: चार बाजारांचे भाव त्यांच्या वेबसाईटवरून आपोआप गोळा करायचे आणि रोज सकाळी सहाला एका मेसेजमध्ये गावातल्या लोकांना पाठवायचे. प्रोग्राम मी स्वतः लिहिला. एखादा भाव निसटेल या भीतीनं मी तो दर मिनिटाला त्या वेबसाईटवर जाईल असा केला.

चौथ्या दिवशी एका वेबसाईटनं आमच्या कॉलेजचा पत्ता बंद केला. सगळ्या लॅबसाठी.

"काय मालकीणबाई," सर म्हणाले, "अख्ख्या वाड्यावस्तीला गावबंदी केलीत की."

मी रडवेली झाले होते. त्यांनी फुटाणे काढले आणि विचारलं, "भाव दिवसात किती वेळा बदलतोय?"

"दोनदा, सर."

"मग मिनिटामिनिटाला कशाला दार वाजवायचं? आधी ते कमी करा. मग आठ दिवस थांबा, पत्ता मोकळा व्हतोय का बघू. न्हाई झाला तर तुमच्यासाठी कुठला मार्फत योग्य ते बसून ठरवू. घाई न्हाई."

मला घाई होती. प्रोजेक्ट दाखवायची तारीख जवळ आली होती, आणि गावात मी मेसेज येणार, मेसेज येणार म्हणून सांगून बसले होते. सरांना हे बोलायचं धाडस झालं नाही. मी स्वतःच शोधत बसले, आणि एक फुकट ॲप मिळालं. त्यात लिहिलं होतं: जगभरातल्या घरांचे पत्ते, दर काही मिनिटांनी नवा, एक पैसा न देता. मला वाटलं, सर म्हणतात ते महागडं घर आपल्याला फुकटात मिळालं.

प्रोग्राम सकाळी सहाला चालायला हवा होता, तेव्हा कॉलेज बंद असतं. आमच्या घरी कॉम्प्युटर नाही. गावात चांगली लाईन होती ती सुमनकाकीच्या सेवा केंद्रात.

सुमनकाकी माझी चुलती. दाखले, अर्ज, उतारे काढून देणारं केंद्र ती चालवते. ते मिळवायला तिनं दोन वर्षं तालुक्याला खेटे घातले, टायपिंग शिकली, परीक्षा दिली. केंद्राचं लॉगिन तिच्या नावावर आहे. ते गेलं की केंद्र गेलं. मी तिला म्हटलं, "काकी, तुझ्या कॉम्प्युटरवर एक टाकते, स्पीड वाढंल." ती म्हणाली, "टाक बाई, तुला कळतं." काकीच्या लाईनलाही गावबंदी होऊ नये म्हणून मी ते ॲप टाकलं, आणि घाईघाईत ते फक्त माझ्या प्रोग्रामपुरतं न लावता सगळ्या कॉम्प्युटरलाच लावलं.

भाव यायला लागले. आठवडाभर रोज सहाला मेसेज जात होता. अण्णा पारावर बसून मोठ्यानं वाचायचे. मी कॉलेजात ताठ मानेनं फिरत होते.

मग एका सकाळी लॅबमध्ये असताना काकीचा फोन आला.

"अगं, माझं लॉगिन बंद झालंय. म्हणतंय, संशयास्पद वापर. सात पोरी बसल्यात हितं उत्पन्नाच्या दाखल्याला, उद्या शेवटची तारीख हाय त्यांच्या ॲडमिशनची. तू काय टाकलंयस का त्याच्यात?"

काय झालं असेल ते मला फोन ठेवायच्या आत कळलं. काकी आपलं नाव-पासवर्ड टाकून आत बसत होती, आणि दर काही मिनिटांनी तिचा पत्ता बदलत होता. आता निमोणे, मग भलतंच शहर, मग भलताच देश.

सरांपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी ॲपचं नाव विचारलं, मशीनवर त्याच्या अटी उघडल्या, आणि बारीक अक्षरातली एक ओळ बोटानं दाखवली. त्याचा अर्थ असा होता की तुम्ही इतरांचे पत्ते वापरता, त्या बदल्यात इतर लोक तुमचा पत्ता वापरणार.

"म्हंजी आठ दिवस," सर म्हणाले, "कोण कुठली माणसं तुझ्या काकीच्या घरातनं जात-येत व्हती. कुणी काय केलं, कुणाला ठाऊक. तिला सांगितलं व्हतंस तू?"

त्यांनी मला तू म्हटलं. तीन वर्षांत तेवढंच एकदा.

"नाही, सर."

"आन् तू ज्यांच्या घरांतनं गेलीस, त्यांना?"

"ते कोण होते तेच मला माहीत नाही."

"म्हंजी माफी मागायलाबी जागा न्हाई." त्यांनी पिशवी उचलली. "चला निमोण्याला. न्हावऱ्याची एसटी सापडंल."

एसटीत मी खिडकीतून ऊस बघत होते आणि काकीनं तिच्या परीक्षेच्या आधी माझ्यापुढे पाठ म्हणून दाखवलेले कीबोर्डचे शॉर्टकट आठवत होते.

केंद्रात सात मुली आणि त्यांच्यातल्या काहींच्या आया बसल्या होत्या. काकीचे डोळे लाल होते. मला वाटलं, सर समजावून सांगतील. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, ही काय तरी सांगायला आलीय."

मग मीच सांगितलं. सगळ्यांसमोर. स्पीड वाढवायचं खोटं होतं, हेही. सांगून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "मग आमचं काय आता?" काकीनं कॉम्प्युटरवर झाकलेलं फडकं सारखं केलं.

सरांनी हालचाल सुरू केली. ते ॲप मला काढायला लावलं, आणि काढल्यावर तीनदा तपासायला लावलं. मग मुलींना म्हणाले, "मालकीणबाई, केंद्राचं लॉगिन बंद असलं तरी नागरिक म्हणून आपापल्या नावानं अर्ज करता येतोय. येळ लागंल, पण व्हतंय. ह्या लाईनवर संशयाचं बोट हाय, ती नगं. माझ्या फोनवरचं नेट घ्या. एसटी स्टँडचा पत्ता हाय, इथनं कुणी हाकलणार न्हाई. फक्त फोन हलवायचा न्हाई. एकीचा अर्ज पुरा व्हईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

त्यांनी फोन खिडकीत, जिथे रेंज सगळ्यात चांगली होती तिथे, वाटीत उभा केला आणि शेजारी स्टूल घेऊन राखण करत बसले. मध्येच त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांनी तो कापला. पुन्हा आला. एका मुलीची आई म्हणाली, "अवो घ्या की, घरी काय झालं आसंल." सर म्हणाले, "तिला ठाऊक हाय, मी फोन कापला म्हंजी कामात हाय. उचलला तर काळजी करंल." दुपारी साडेचारपर्यंत सातही अर्ज गेले. दाखले दुसऱ्या दिवशी मिळतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून सरांनी प्रत्येकीला पावती छापून घ्यायला लावली. ती पावती कॉलेजांनी दाखल्याऐवजी मुदतीसाठी धरली, हे नंतर कळलं.

मुली गेल्या. राहिलं काकीचं लॉगिन. त्यासाठी जिल्ह्याच्या कार्यालयाला अर्ज करायचा होता. काकीनं कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिव्ह. तांत्रिक बिघाड झाला म्हणून लिव्ह."

"काकी, पण..."

"तुझं नाव कशाला घालायचं त्याच्यात? पोरीच्या जातीला उद्या नोकरी लागायची हाय. बिघाड म्हण, इषय संपला."

मी सरांकडे पाहिलं. ते फुटाण्यांतले तारेचे तुकडे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला तेव्हा राग आला होता, की एवढं सगळं करणारा माणूस आता नेमका गप्प का. पण ते बोलले असते तर मी त्यांचं ऐकून लिहिलं असतं, आणि तो अर्ज माझा झाला नसता.

मी लिहिलं. काय टाकलं, कशासाठी टाकलं, काकीला काय खोटं सांगितलं, आणि तिचा यात काही दोष नाही. सही केली, नाव लिहिलं, रोल नंबरही लिहिला. काकीनं वाचलं आणि पदर तोंडाला लावला.

सरांनी कागद मागून घेतला. माझ्या सहीच्या खाली त्यांनी लिहिलं, 'मार्फत', आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा, केडगावचा पत्ता आणि फोन नंबर.

"सर, तुम्ही कशाला?" मी म्हटलं.

"आपल्या वळखीचं माणूस हाय," ते म्हणाले, "म्हणून."

चौदा दिवस केंद्र बंद होतं. काकी रोज सकाळी कुलूप काढायची, झाडून घ्यायची, आणि आलेल्या माणसाला न्हावऱ्याच्या केंद्रात जायला सांगायची. मी रोज तिच्याकडे जायचे. ती बोलायची, पण कामापुरतं. पंधराव्या दिवशी कार्यालयातून बोलावणं आलं. आम्ही तिघं गेलो. तिथल्या मॅडमनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हे मार्फत कोण?"

सर उभे राहिले. "मी. हिच्याबद्दल काय विचारायचं ते मला विचारा. आन् मला नसंल ठाऊक, तर ती हितंच हाय."

मॅडमनी मलाच विचारलं. तासभर. मी घाबरले होते, पण कुठेही अडले नाही, कारण लपवायचं काही उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी लॉगिन पुन्हा उघडलं, लेखी ताकीद दिली, आणि केंद्रासाठी एकच कायमचा पत्ता घ्यायला सांगितला, जो बदलणार नाही. बाहेर आल्यावर काकी पायरीवरच बसली. सर म्हणाले, "ताई, राहता पत्ता झाला तुमचा." आणि फुटाणे पुढे केले. काकीनं ओंजळभर घेतले.

प्रोजेक्टचं म्हणाल तर कॉलेजचा पत्ता तोवर मोकळा झाला होता. प्रोग्राम मी दिवसातून दोनदाच जाईल असा केला. मग सरांबरोबर बसून मला खरंच काय हवंय ते ठरवलं. कारखान्याचा पत्ता घ्यायचं काही कारण नव्हतं, जगभरातली घरं नको होती, फिरतं काही नको होतं. दुपारची खेप कॉलेजातून होत होती; सकाळी सहाला कॉलेज बंद, म्हणून तेव्हा पंधरा मिनिटं गावातलं एक घर हवं होतं, एकच, रोज तेच, आणि त्या घरानं हो म्हटलेलं. सर म्हणाले, "एवढंच तर व्हतं. मांडून बघितलं की प्रकार आपुआप ठरतोय."

मी काकीकडे गेले. केंद्र पुन्हा सुरू झालं होतं, चार-पाच माणसं बाकावर होती. सगळी जाईपर्यंत थांबले. मग काय हवंय ते सांगितलं. किती वेळ, कशासाठी, तिच्या लाईनवरून नेमकं काय जाणार, काही झालं तर तिनं काय करायचं. सगळं सांगून विचारलं, "काकी, देशील का?"

काकीनं प्रिंटरमधला कागद सारखा केला.

"न्हाई," ती म्हणाली.

"काकी, पंधराच मिनिटं..."

"इचारलंस, मी सांगितलं. न्हाई. चहा टाकलाय, घिऊन जा."

चहा घेतला. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. बाहेर येऊन सरांना फोन केला. तेव्हा ते केडगावच्या घरी होते. मागे कुकर वाजत होता. मी म्हटलं, "सर, काकी नाही म्हणाली."

सर हसायला लागले. त्यांना इतकं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"न्हाई म्हणल्या? मग मालकीणबाई, या वेळी तुम्ही खरंच विचारलंत. आता दुसऱ्या घरी जा."

दुसऱ्या घरानं विचार करून सांगतो म्हणून सांगितलं आणि कधीच सांगितलं नाही. तिसरं घर पोल्ट्रीवाल्या आप्पांचं. त्यांनी खोदून खोदून सतरा प्रश्न विचारले आणि मग हो म्हणाले.

सर मागच्या वर्षी निवृत्त झाले. मी आता पुण्यात एमएस्सी करते. बाजारभावाचा मेसेज अजूनही रोज सकाळी सहाला निमोण्यात जातो, आणि काकीलाही जातो. ती तो केंद्रावर येणाऱ्यांना वाचून दाखवते. मेसेज कुणाच्या घरातून निघतो ते तिला माहीत आहे. तिच्या घरातून निघत नाही, हेही तिला माहीत आहे, आणि सुट्टीला गेले की ती मला मुद्दाम विचारते, "आप्पांची लाईन बरी चाललीय न्हवं?"